चपलांजवळ ठेवलेली बोली

आमचे बडेबाबू चपला काढल्या की वेगळे बोलत आणि चपला घातल्या की वेगळे. हे मी कुणाला सांगते तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं, बाई रंगवून सांगते आहे. रंगवायची मला सवय आहे, नाही म्हणत नाही. पण बडेबाबूंच्या बाबतीत उलटं होतं. खरं आहे तेवढं सांगितलं तरी कुणी विश्वास ठेवत नाही, म्हणून मी थोडं कमीच करून सांगते.

पाटबंधारे खात्याच्या एका उपविभागीय कार्यालयात मी टंकलेखिका म्हणून लागले, ती माझी पहिली नोकरी. मी भंडाऱ्याजवळच्या शहापूरची. घरी धानाची शेती, आणि भंडाऱ्याला जाऊन-येऊन शिकलेलं मराठी टायपिंग. कार्यालय होतं तालुक्याच्या गावी, जुन्या कवेलूच्या, म्हणजे कौलारू, इमारतीत. समोर लांब छपरी, छपरीला तीन पायऱ्या, आणि मधोमध एक रुंद सागवानी उंबरठा. त्या उंबरठ्याशी रोज सकाळी बडेबाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, थांबत, कातडी चपला काढून भिंतीला समांतर लावत, आणि आत पाय टाकत. तेवढ्यात त्यांची भाषा बदललेली असे.

बाहेर ते झाडीपट्टीतले अस्सल म्हातारे. नाकाडोंगरीकडचे, जंगलाच्या कडेला वाढलेले. आत ते सरकार. बाहेर "काहून गा, जेवला का?" विचारणारा माणूस आत आल्यावर त्याच चपराशाला म्हणे, "आपले भोजन झाले असल्यास टपाल घेऊन यावे." चपराशी बिचारा पहिली काही वर्षं मागे वळून बघत असे, की हे 'आपण' कोण आलेत.

पहिल्याच दिवशी मी दोन्हीकडे चुकले. छपरीत ते पायरीवर बसून विडी ओढत होते. मी नमस्कार करून अगदी घोटलेल्या मराठीत म्हटलं, "मी आजपासून येथे रुजू होण्यास आले आहे." ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "काहून वो पोरी, बाहेर अशी पुस्तकावानी बोलून राहिली? कोन्या गावची?" शहापूर म्हटल्यावर खूश झाले. बाप कोण, धान कोणतं लावता, बैल किती, सगळी चौकशी झाली. मी सैलावले. मग आत गेलो. खुर्चीवर बसताना मी सहज म्हटलं, "बडेबाबू, मले कार्बन पेपर पाह्यजे."

बडेबाबूंनी मान वर केली नाही. मी पुन्हा म्हटलं. त्यांनी चष्म्यातून खोलीभर नजर फिरवली आणि गंभीरपणे विचारलं, "आपण कोणास काही म्हणालात काय?"

मला रडूच यायचं राहिलं होतं. टायपिंगच्या संस्थेतल्या बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, की नोकरी करायची असेल तर ते 'मले-तुले' गावच्या तलावात बुडवून ये. मला वाटलं, हेही तसलेच. संध्याकाळी बाहेर पडताना त्यांनी चपला घातल्या आणि माझ्यासोबत फाटकापर्यंत चालत आले. "राग आला का बेटा? हे पाहा, घरात जाताना तू चपला बाहेर काढते का नाही? मंग काय चपला फेकून देते का? परत आली का घालतेच ना. बोली तशीच. चपलांजवळ ठेवायची. कोनी नेत नाही." मला आजवर ज्यांनी ज्यांनी नीट बोलायला शिकवलं, त्या सगळ्यांनी आधी माझं काहीतरी टाकून द्यायला लावलं होतं. काही न टाकता शिकवणारा हा पहिला माणूस. त्या संध्याकाळी ते मला आवडले, आणि मग कायमचे आवडले.

त्यांची बायको कधीमधी डबा घेऊन येई. कार्यालय तिला नवीन होतं तेव्हा एकदा सरळ आत आली म्हणे. बडेबाबू उठून उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, आपले काय काम आहे? कृपया बाहेर प्रतीक्षा करावी." ती बाहेर गेली. हे चपला घालून मागोमाग गेले आणि म्हणाले, "काहून आली वो एवढ्या उन्हाची? पाय पोरले असतीन." आमच्या बोलीत पुष्कळदा 'ळ'चा 'र' होतो; पोळले ते पोरले. ती माउली मला सांगे, "आत गेली का हा मानूस मले ओरखतच नाही. बरं झालं, माहा घर मातीचा हाय अना सरकारी नाही."

बडेबाबूंची एक खास सवय होती. आत त्यांनी कुणालाही काहीही सांगितलं, की शेवटी म्हणत, "कृपया पोच द्यावी." म्हणजे समोरच्यानं 'समजलं' असं तोंडानं म्हणायचं. मान हलवलेली चालत नसे. एकदा भर दुपारी माझ्या टेबलाखाली भलामोठा काळा विंचू निघाला. तो पहिल्यांदा बडेबाबूंना दिसला. दुसरा कुणी असता तर किंचाळला असता. बडेबाबू एका हातानं टेबल धरून, आवाज न चढवता म्हणाले, "सर्व संबंधितांना कळविण्यात येते की, टंकलेखिकेच्या टेबलाखाली विंचू आढळून आला आहे. सर्वांनी पाय वर घ्यावेत. कृपया पोच द्यावी." आम्ही सगळे खुर्च्यांवर पाय घेऊन एका सुरात ओरडलो, "दिली!" तेव्हा कुठे चपराशी झाडू घेऊन धावला.

आणि नातवाची गोष्ट तर सगळ्या तालुक्याला ठाऊक होती. कार्यालयातला फोन आत, त्यांच्याच टेबलावर. मुलीच्या सासरहून ट्रंक कॉल आला. बडेबाबूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सदर वार्ता समजून आनंद झाला. माता व बालक यांच्या प्रकृतीबाबत वेळोवेळी कळवावे." फोन ठेवला. आम्हांला वाटलं, कुणी परकी बातमी असेल. मग ते उठले, शांतपणे उंबरठ्यापर्यंत गेले, चपला पायांत सरकवल्या, आणि छपरीतून असे ओरडले की समोरच्या आंब्यावरचे कावळे उडाले. "नातू झाला रे! माह्या पोरीले पोरगा झाला!" चपला उलट्यासुलट्या घातल्या होत्या हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

लोक हसत. मीही हसे. पण हा माणूस वेडा नव्हता. एकदा पायरीवर बसून त्यांनी मला कारण सांगितलं होतं. ते नोकरीला लागले तेव्हा भंडारा जिल्हा नागपूर राजधानीच्या जुन्या राज्यात होता. मसुदे इंग्रजीत, साहेबाशी बोलणं हिंदीत. मग राज्यं बदलली आणि कामकाज मराठीत करा म्हणून परिपत्रकं आली. "सरकारची भाषा बदलते बेटा. इंग्रजी होती, हिंदी आली, आता मराठी आहे. उद्या आनखी कोनती येईन. आपली घरची तेथ कायले न्यावा? तेथ नेली का तेही बदलून मांगतीन."

मग विडी विझवून म्हणाले, "अना दुसरा कारन आहे. खुर्चीवर बसून मानूस बोलीत बोलला का त्याच्या तोंडातून 'तू' निंगते. समोर जो उभा आहे त्याले उलटून 'तू' नाही म्हनता येत. मंग ते बोलनं नाही रायत, हुकूम होते. म्हनून खुर्ची आहे तेथ सगळ्याइले 'आपण'. चपराशाले, शेतकऱ्याले, समद्याइले. बाहेर पायरीवर सारे सारखे बसतेत. तेथ 'तू' म्हनलं तरी गोड लागते."

हे त्यांचं नुसतं तत्त्वज्ञान नव्हतं, कामाची रीतच तशी होती. गावाकडचा माणूस आत येऊन गांगरला, हात जोडून नुसता "सायेब, सायेब" करू लागला, की बडेबाबू म्हणत, "आपण जरा बाहेर यावे." बाहेर चपला घालून पायरीवर बसत, त्याला विडी देत, आणि "हं, बोल आता" म्हणत. त्याचं सगळं म्हणणं ऐकून घेत. मग दोघं परत आत येत. बडेबाबू खुर्चीवर बसून मला सांगू लागत, "घ्या. अर्जदार याद्वारे विनंती करतो की..." पाच मिनिटांपूर्वी जे 'माही बांधी अख्खी फुटून गेली जी' होतं, ते कागदावर 'अर्जदाराच्या शेताचा बांध फुटून नुकसान झाले आहे' होऊन उतरे. समोर बसलेला माणूस स्वतःचं म्हणणं असं इस्त्री होऊन आलेलं ऐकून ताठ बसे. मी पुष्कळांना तसं ताठ बसताना पाहिलं आहे.

अशी सगळी शिस्त होती म्हणूनच त्या वर्षी घोटाळा झाला.

आणीबाणी उठली त्या वर्षीचा पावसाळा. पाऊस पोळ्यानंतर जो गेला तो परत आलाच नाही. आमच्या अखत्यारीत एक जुना तलाव होता. त्याच्या पाळीखाली, म्हणजे बांधाच्या खाली, दोन गावं. एक अगदी पाळीला लागून, ते वरचं गाव. दुसरं तलावातून निघालेल्या नालीच्या शेवटाला, ते खालचं गाव. वरच्या गावाच्या बांध्यांतून, म्हणजे धानाच्या शेतांतून, पाणी पुढे सरकेल तेव्हा खालच्याला मिळणार, अशी ती नाली. दसरा झाला तेव्हा तलावात फार पाणी उरलं नव्हतं. वरच्या गावाचं धान पाणी पिऊन पिकत आलं होतं, पिवळं पडायला लागलं होतं. खालच्या गावाचं भारी धान, उशिराचं, नुकतंच निसवलेलं. लोंब्या बाहेर आल्या होत्या आणि दाणा भरायचा होता. त्याला आणखी एक पाणी मिळालं तर वर्षाचं घर भरणार होतं, नाहीतर नुसतं तणस, दाण्याविना पेंढा. वरच्या गावाचं म्हणणं होतं, उरलेलं पाणी उन्हाळ्यात गुरांसाठी राखावं, तुडुम उघडूच नये. तुडुम म्हणजे तलावाच्या पाळीतली पाणी सोडायची मोरी. ती उघडायची की नाही, हे ठरवायला आमच्या साहेबांनी सुनावणी लावली.

साहेब नवे होते, पुण्याकडचे. माणूस सरळ आणि लाजाळू. पुस्तकातल्यासारखी स्वच्छ मराठी बोलत. त्यांना आमचं 'काहून', म्हणजे साधं 'का', कळत नसे आणि विचारायला संकोच वाटे. बडेबाबू आत त्यांच्याशी बोलत तेव्हा साहेबांना वाटे, आपण घरीच आहोत. बाहेर बडेबाबू "या जी सायेब, पानी पेता का?" म्हणत, तेव्हा ते माझ्याकडे बघून हळूच हसत.

वरच्या गावाकडून सरपंच आले. नागपूरला शिकलेले, कडक इस्त्रीचा शर्ट. त्यांनी आत बसून अस्खलित सांगितलं, "महोदय, तलावातील उपलब्ध जलसाठा मर्यादित आहे. खालील गावाच्या पिकाची अवस्था समाधानकारक असल्याचे आमच्या निदर्शनास आले आहे." बोलणं असं गुळगुळीत, की माझे हातसुद्धा आपोआप टाइप करायला लागले.

खालच्या गावानं पाठवला होता डोमाजी. गावातला सगळ्यांत म्हातारा, आणि नालीच्या अगदी शेवटची बांधी त्याची. पाणी त्याच्यापर्यंत पोचलं म्हणजे सगळ्या गावाला पोचलं. पण खालच्या गावाला बडेबाबूंचा कायदा तोंडपाठ होता. आत गेलं की सरकारी बोलायचं. मग डोमाजीला सरकारी बोलायला कोण शिकवणार? तर गावातल्या शाळेचा मास्तर. आणि मास्तरला सरकारी म्हणून जे काही येत होतं, ते म्हणजे रजेचा अर्ज. डोमाजीनं आठवडाभर बैलांमागं फिरत तो अर्ज पाठ केला होता.

त्यानं उंबरठ्याशी वहाणा काढल्या, त्या बडेबाबूंच्या चपलांशेजारी तशाच समांतर लावल्या, आत आला, हात जोडले, डोळे मिटले आणि सुरू केलं. "माननीय सायेब यांच्या सेवेशी. विषय." मग तो थांबला. विषय त्याला आठवेना. मग एकदम पुढचं आठवलं आणि तो घाईनं म्हणाला, "वरील विषयास अनुसरून सविनय सादर, की तरी कृपा करून रजा मंजूर करावी ही नम्र विनंती. आपला आज्ञाधारक." आणि खाली बसला.

सरपंच खाली मान घालून हसले. त्यांच्यासोबतचे मोठ्यानं हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी पुढं वाकून मऊ आवाजात विचारलं, "आजोबा, आपल्याला पाण्याबाबत काही तक्रार नोंदवायची आहे का?"

डोमाजीला वाटलं, एवढा मोठा माणूस आपल्याला 'आपल्याला' म्हणतो, आणि आपण त्याच्या खोलीत बसून त्याच्यासमोर तक्रार करायची? त्याच्या सात पिढ्यांत कुणी असं केलं नव्हतं. तो म्हणाला, "नाही जी. तकरार कायची? आपली किरपा आहे."

"म्हणजे तक्रार नाही?"

"नाही जी."

साहेबांनी पेनचं टोपण काढलं. त्यांची तरी काय चूक? ज्याला पाणी हवं तोच नको म्हणतो आहे. त्या क्षणी ते पेन कागदावर टेकलं असतं तर खालच्या गावाचं वर्ष तिथेच संपलं असतं. मी बडेबाबूंकडे बघितलं. त्यांचे ओठ हलत होते. बोली अगदी दातांशी आली होती, हे मला दिसत होतं. पण आत बोलीत बोलायचं नाही, आणि हेडक्लार्कनं कुणाची बाजू घ्यायची नाही. इतक्या वर्षांत एकदाही न मोडलेला कायदा आडवा आला होता.

ते उठून उभे राहिले. "साहेब, कामकाज थोडा वेळ तहकूब करून आपण बाहेर यावे, अशी नम्र विनंती आहे."

"का हो? काय झालं?"

"या खोलीत अर्जदाराचे म्हणणे मावत नाही."

साहेब गोंधळले, पण उठले. सगळे छपरीत आले. साहेबांनी इकडे-तिकडे बघितलं. "खुर्ची?"

बडेबाबू चपला पायांत सरकवत होते. "बाहेर खुर्ची नसते जी, सायेब. बसा पायरीवर. सारेच बसतेत."

साहेब बसले. पॅन्टची घडी सांभाळत, पहिल्यांदाच. बडेबाबूंनी डोमाजीला त्यांच्या शेजारी बसवलं, स्वतः खालच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "हं. काहून गा डोमाजी? धान कसा आहे तुहा?"

आणि डोमाजी फुटला. "कसा रायन गा बाबू? निसवला अना वारून चालला. सकारी जातो, लोंबीले हात लावतो, हलकीफूल. बांधीत भेगा पडल्या, माहा पाय जाते त्याच्यात. बुढी म्हनते, नोको जाऊ, पाहून पाहून जीव जाईन तुहा. नाली तं कोरडी ठन. वरून पानी येतच नाही. आता आठ दिस गेले का मंग अख्खा तलाव सोडला तरी काय फायदा?"

साहेबांना अर्धंच कळलं असेल. बडेबाबूंनी अर्थ सांगितला नाही. नुसतं म्हणाले, "ऐका जी."

डोमाजीनं धोतराच्या सोग्यातून एक लोंबी काढली. आत असताना ती त्याच्याजवळच होती. सरकारी खोलीत कचरा कसा न्यायचा, म्हणून लपवून ठेवली होती. त्यानं एक दाणा साहेबांच्या हातावर ठेवला आणि नखानं दाबायची खूण केली. "दाबा जी. दूध निंगाले पाह्यजे." साहेबांनी दाबला. दुधाचा थेंबसुद्धा आला नाही. त्यांनी दुसरा दाबला, तिसरा दाबला. मग लोंबी मांडीवर ठेवली.

सरपंच छपरीच्या खांबाशी उभे होते. म्हणाले, "महोदय, येथील संभाषण सुनावणीचा भाग समजता येणार नाही."

बडेबाबू वळले. आवाज चढवला नाही. "भाऊ, तू आत जे बोलला, ते आत ठीक आहे. आता येथ बस अना डोमाजीकडे पाहून आपल्या बोलीत सांग ना. तुहा धान समाधानकारक आहे, असा सांग त्याले."

सरपंच बसले नाहीत. पण बघावं लागलंच. डोमाजी त्यांच्याकडे मान वर करून बघत होता, रागानं नाही, साधंच. दोघांची शेतं एकाच नालीवर. लहानपणी सरपंच त्याच्याच बैलबंडीवर बसून बाजाराला जात असतील. मघाशी आत 'निदर्शनास आले आहे' म्हणताना जो माणूस अडखळला नव्हता, तो चार साध्या शब्दांसाठी थांबला. शेवटी खांबाकडे बघत म्हणाला, "नाही भरला त्याचा धान. मले मालूम आहे." आणि मग, "द्या जी त्याइले एक पानी."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की बडेबाबूंनी आजवर दोन्ही भाषांची जी राखण केली ती कशासाठी. सरकारी मराठीत माणसाचा मान राहतो, पण तिच्यात समोरच्याकडे न बघताही बोलता येतं. बोलीत तसं जमत नाही.

मग आम्ही आत गेलो. चपला परत भिंतीशी लागल्या. बडेबाबू मला म्हणाले, "घ्या. अर्जदाराचे म्हणणे असे की, पीक निसव्याच्या अवस्थेत असून दाण्यात दूध भरलेले नाही. प्रतिवादी ग्रामपंचायतीची यास संमती आहे." डोमाजी ऐकत होता. बसल्या बसल्या त्याची पाठ ताठ झाली.

बडेबाबू एकोणीसशे ऐंशीनंतर लवकरच निवृत्त झाले. त्या दिवशी आत म्हणाले, "आज कार्यालयीन वेळेनंतर मी कार्यमुक्त होत आहे. आपणा सर्वांच्या सहकार्याबद्दल आभारी आहे. कृपया पोच द्यावी." आम्ही दिली. बाहेर येऊन चपला घातल्या आणि मला म्हणाले, "येत जाजो वो बेटा घरी. तेथ कोनती मराठी बोलतो ते पाहून जा." मी जात राहिले. घरी फक्त बोली होती, कारण ते घरात चपला घालूनच वावरत. बायकोनं त्यावरून कटकट करायची, यांनी ऐकायचं नाही, असं ते दोघांचं छान चाललं होतं.

पण मला ते डोळ्यांसमोर येतात ते त्या सुनावणीनंतरच्या सकाळचे. मला कुणी बोलावलं नव्हतं, तरी मी तलावावर गेले. साहेब होते, चपराशी होता, दोन्ही गावांतली माणसं होती. तुडुम उघडलं आणि पाणी नालीत उतरलं. कोरडी नाली आधी ते पिऊनच टाकत होती. पाणी बोटभर पुढे जाई आणि थांबे. वरच्या गावातून जाताना मी पाहिलं, सरपंचांनी इस्त्रीच्या शर्टाची बाही वर करून स्वतःच्या बांधीकडे जाणारं तोंड चिखलानं बंद केलं होतं, आणि त्यावर पाय ठेवून उभे होते. पाणी पुढे गेलं.

बडेबाबू पाण्याच्या पुढे पुढे चालत होते, हातानं पालापाचोळा काढत. मध्येच एका ओल्या ठिकाणी त्यांची चप्पल चिखलात अडकली. त्यांनी ओढून पाहिली, मग दोन्ही काढून धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, ठेवल्या आणि तसेच निघाले. थोड्या वेळानं ओरडले, "डाव्या बाजूस गळती आढळून येत आहे! कृपया तेथे चिखल लावण्यात यावा!"

आधी कुणाला काही कळेना. मग चपराशानं त्यांच्या पायांकडे बघितलं आणि तो खो खो हसत सुटला. मग सगळेच. साहेबसुद्धा धुऱ्यावर बसून डोळे पुसत हसले, आणि उठून स्वतः म्हणाले, "लाव ना गा चिखल!" ते त्यांचं आमच्या बोलीतलं पहिलं वाक्य. बडेबाबूंना कशाचाच पत्ता नव्हता. ते अनवाणी, म्हणून सरकारी. पाण्याच्या मागंपुढं, चिखलात, उन्हात, तसेच शुद्ध बोलत राहिले.

दुपार कलली तेव्हा पाणी नालीच्या शेवटाला आलं. डोमाजी त्याच्या शेवटच्या बांधीत उभा होता, अनवाणीच. पाणी भेगांमध्ये उतरलं. भेगा भरताना बुडबुड आवाज येत होता. मग ते धानाच्या बुडाशी पसरलं आणि डोमाजीच्या पायांशी आलं. तो नुसता पायांकडे बघत राहिला.

बडेबाबू त्याच्यासमोर जाऊन थांबले. दोघांचेही पाय घोट्यापर्यंत पाण्यात. मी धुऱ्यावर होते. बडेबाबूंना काहीतरी आपलं, घरचं बोलायचं होतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. पण चपला फार मागं राहिल्या होत्या. त्यांनी उपरणं सारखं केलं आणि म्हणाले,

"श्री. डोमाजी यांना कळविण्यात येते की, आपल्या शेतास पाणी देण्यात आले आहे. कृपया पोच द्यावी."

डोमाजीनं मान वर केली. हात जोडले. "मिराला जी पानी," तो म्हणाला. मग खाली बघून, जणू पाण्यालाच सांगत होता असा, पुन्हा म्हणाला, "मिराला."

नोकरीभर मी हजारो पत्रांखाली 'कृपया पोच द्यावी' हे वाक्य टाइप केलं. उत्तर यायला महिने लागत. ती एकच पोच मी हातोहात आलेली पाहिली.